साठा आणि प्रवाह : विदर्भातील मँगनीजविषयी काही लिहिण्यापूर्वी

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान या मार्गावर सेलू तालुक्यातले सिंदी (रेल्वे) हे गाव आहे. तान्ह्या पोळ्याला मोठमोठे लाकडी नंदी मिरवणारे, कापूस-सोयाबीन पिकवणारे हे गाव. इथे कुठलीही खदान नाही. तरीही विदर्भाच्या जमिनीतून निघालेल्या मालाचा इतिहास लिहायचा, तर या रुळांपासून सुरुवात करणे सोयीचे. पूर्व विदर्भातून मुंबई बंदराकडे जाणारा माल इथूनच गेला. आधी कापसाच्या गाठी गेल्या, मग विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मँगनीजच्या वाघिणी जाऊ लागल्या. वणी-बल्लारपूर पट्ट्यातला कोळसा उलट दिशेने, नागपूरकडे जातो, तोही याच रुळांवरून. खाणीच्या तोंडाशी उभे राहून पाहिले की खनिज म्हणजे संपत्ती वाटते. रुळाच्या कडेला उभे राहून पाहिले की दुसरा प्रश्न पडतो : हे चालले कुठे, आणि कोणत्या रूपात?

हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाचे आहे. देशांतर्गत खाणकाम, राष्ट्रीय सुरक्षा आणि स्वच्छ ऊर्जा हे तीन शब्द आजकाल एका दमात उच्चारले जातात. देशात खणले म्हणजे देश सुरक्षित झाला, आणि खणलेले बॅटरीत गेले म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे समीकरण भाषणांतून मांडले जाते. विदर्भाकडे या समीकरणाची सव्वाशे वर्षांची वही आहे. ती उघडून पाहिली, तर हिशेब इतका सरळ लागत नाही.

आधी धातूची ओळख करून घेऊ. रेल्वेत जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो, तिथे चाकाची कड पलीकडे जावी म्हणून फट ठेवावी लागते. प्रत्येक चाक ती फट ओलांडताना पुढच्या टोकावर आपटते. मालगाडीच्या एका रेकची शेकडो चाके, आणि अशा गाड्या दिवसरात्र. साधे पोलाद या माराखाली लवकर झिजते. म्हणून वर्दळीच्या मार्गांवर तिथे ओतीव मँगनीज पोलादाचा तुकडा बसवतात. रेल्वेतली माणसे त्याला ‘सीएमएस क्रॉसिंग’ म्हणतात. या पोलादात बारा ते चौदा टक्के मँगनीज असते. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये ते शोधले. त्याचा गुण विलक्षण आहे. जितके ठोकाल तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो, आणि आतला गाभा मात्र चिवटच राहतो, तडकत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर जी पसरट शिरस्त्राणे आली, ती याच पोलादाची होती. रुळाला जो मार सोसायचा, तोच निराळ्या रूपात शिपायाच्या डोक्याला.

हे झाले खास पोलाद. साध्या पोलादालाही मँगनीजवाचून चालत नाही. वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू आणि गंधक बाहेर काढायला ते लागते, नाहीतर तापलेले पोलाद लाटताना भेगाळते. एक टन पोलादामागे सहा ते दहा किलो मँगनीज खर्ची पडते, आणि या कामी त्याला परवडेल असा पर्याय नाही. पवनचक्कीचा मनोरा असो की तोफेची नळी, मुळाशी ते आहेच. वर्ध्याच्या पलीकडे पुलगावला लष्कराचे दारूगोळा भांडार आहे. भंडारा, भद्रावती, अंबाझरी इथे आयुध निर्माण्या आहेत. या साऱ्या पट्ट्याचे पोट पोलादावर आहे. शिवाय मँगनीजची दुसरी बाजू बॅटरीची. टॉर्चमधल्या जुन्या सेलपासून ते विजेवरच्या मोटारीत निकेल-कोबाल्टच्या जोडीने बसणाऱ्या बॅटरीपर्यंत मँगनीज आहे. संरक्षण आणि स्वच्छ ऊर्जा या दोन्ही घरी सारखाच मान असलेले खनिज शोधायला विदर्भाला दूर जावे लागत नाही.

ते सापडले रामटेकच्या वाटेवर. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले, आणि १९०० च्या सुमारास मनसरला खणायला सुरुवात झाली. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव या नागपूर जिल्ह्यातल्या खाणी. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. पुढे आजच्या मध्य प्रदेशात तिरोडी, उकवा आणि बालाघाटजवळचे भरवेली. हा सगळा एकच पट्टा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ल्युईस ली फर्मोरने १९०९ मध्ये देशातल्या मँगनीजवर भला मोठा ग्रंथ लिहिला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गोंडांचे नाव असे गेले. खदानीच्या हजेरीपटावर मात्र गोंड माणूस खोदणारा आणि वाहणारा मजूरच राहिला. एकाच समाजाला एकाच खडकाने दिलेली ही दोन स्थाने पुढच्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा भेटतील.

त्या काळात हे धातुक देशात वापरण्याचा प्रश्नच नव्हता. पोलादाचे कारखाने इथे नव्हते. टाटांचा जमशेदपूरचा कारखाना उभा राहिल्यावरही बहुतेक माल बाहेरच जात राहिला. काही वर्षे तर मँगनीज उत्पादनात भारताने रशियालाही मागे टाकले. १९१४ मध्ये तुर्कस्तानने डार्डनेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि काळ्या समुद्रातून येणारे रशियाचे धातुक ब्रिटनसाठी तुटले, तेव्हा मध्य प्रांताच्या खाणींचे महत्त्व लंडनला अधिकच जाणवले. विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये सुरू झाले आणि रायपूरकडून तिथे जाणारा लोहमार्ग पुरा झाला, त्यामागेही मध्य प्रांताचे मँगनीज समुद्रापर्यंत नेणे हे मोठे कारण होते. बंदरे आणि रूळ खनिजामागून धावत आले, कारखाने आले नाहीत.

युद्धांनी या धातूची किंमत वेळोवेळी दाखवून दिली. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधल्या निकोपोलच्या मँगनीज खाणी हातच्या जाऊ नयेत म्हणून हिटलरने आपल्या सेनापतींचा सल्ला डावलून तिथे फौज अडकवून ठेवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते गाव सोव्हिएत सैन्याने परत घेतलेच. शीतयुद्ध सुरू होताच सोव्हिएत संघाने अमेरिकेला जाणारे मँगनीज आटवले आणि अमेरिकेची नजर भारताकडे वळली. १९५१ मध्ये भारतात अन्नटंचाई होती. अमेरिकेने २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्या कायद्यात परतफेडीचा काही भाग सामरिक महत्त्वाच्या कच्च्या मालाच्या रूपाने घेण्याची सोय होती, आणि चर्चेत मँगनीजचे नाव होते. गव्हाच्या बदल्यात धातुक! सुरक्षेचा विचार करणाऱ्याने हा व्यवहार विसरू नये. ज्याच्याकडे खनिज आहे तो बलवान, हे त्यातले अर्धे सत्य. दुसरे अर्धे असे की ज्याच्याकडे फक्त खनिज आहे, त्याला ते गरजेच्या घडीला समोरच्याच्या अटींवर द्यावे लागते.

हा धडा वऱ्हाड-नागपूरला आधी कापसाने शिकवला होता. हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडच्या गिरण्यांत झाले, गाठी गेल्या, कापड परत आले, आणि नफा कुठे राहिला हे सर्वांना ठाऊक आहे. मँगनीजच्या बाबतीत हा धडा गिरवून झाल्यावर स्वतंत्र भारताने पाऊल उचलले. १९६२ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या खाणी घेऊन मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली. सुरुवातीला ५१ टक्के भाग केंद्र आणि राज्यांकडे होता. १९७७ मध्ये उरलेला भागही विकत घेण्यात आला. तीच आजची ‘मॉइल’. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. २०२३-२४ मध्ये तिने १७.५६ लाख टन आणि २०२४-२५ मध्ये १८.०२ लाख टन धातुक काढले. देशाच्या एकूण उत्पादनापैकी जवळपास निम्मे तिचे आहे.

आणि तरीही भारत आज मँगनीजचा मोठा आयातदार आहे. दक्षिण आफ्रिका, गॅबॉन, ऑस्ट्रेलिया इथून जहाजे भरून धातुक येते. कारण साधे आहे : पोलादाची भूक वाढली. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले. या भुकेपुढे आपल्या खाणी अपुऱ्या आहेत, आणि बाहेरचे धातुक कित्येकदा उच्च प्रतीचे आणि स्वस्तही पडते. आयात ही नामुष्की मानायचे कारण नाही. अमेरिकेत १९७० पासून २० टक्क्यांहून अधिक प्रतीचे मँगनीज धातुक निघालेले नाही. तरी तिची सेना निःशस्त्र झाली नाही. साठे करून, मित्रदेशांशी करार करून, भंगार पुन्हा वितळवून तिने दिवस काढले. मात्र आपले सगळे पुरवठादार एकाच दिशेला आहेत का, आणि मधल्या टप्प्याचा दरवाजा कोणाच्या हातात आहे, हे पाहणे भाग आहे.

मधला टप्पा म्हणजे शुद्धीकरण. सारी गोम इथे आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट, टंगस्टन, दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये तीत आहेत, मँगनीज नाही. अमेरिकेच्या यादीत ते आहे, आणि युरोपीय संघाने बॅटरीच्या प्रतीचे मँगनीज आपल्या सामरिक यादीत घातले आहे. आपल्याकडे खाणी आहेत म्हणून काळजी नाही, असा आपल्या यादीमागचा विचार दिसतो. धातुकापुरता तो ठीकही असेल. परंतु मोटारीच्या बॅटरीला धातुक लागत नाही, अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागते, आणि जगातले ९० टक्क्यांहून अधिक असे सल्फेट चीनमध्ये तयार होते. मनसरच्या मातीत मँगनीज आहे म्हणून पुण्याच्या कारखान्यातली बॅटरी सुरक्षित होत नाही.

या मधल्या टप्प्यात नेमके काय घडते, ते पाहायला डोंगरी बुजुर्गला जावे. इथल्या उघड्या खाणीत नैसर्गिक मँगनीज डायऑक्साइड मिळते. सुक्या सेलच्या कारखान्यांना ते पूर्वापार लागत आले आहे. तिथेच मॉइलचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा लहानसा कारखाना आहे. धातुक आधी दळतात आणि कोळशाबरोबर भाजतात, म्हणजे ते आम्लात विरघळण्याजोगे होते. मग गंधकाम्लात विरघळवले की फिकट गुलाबी झाक असलेला सल्फेटचा द्राव मिळतो. त्यातले लोह आणि जड धातू टप्प्याटप्प्याने खाली बसवून गाळून काढायचे. शेवटी तापवलेल्या द्रावातून वीज सोडली की धन अग्रावर काळा, कठीण थर चढू लागतो. तो खरवडून, धुऊन, दळून जी भुकटी होते, ती काळ्या धातुकापेक्षा कितीतरी मोलाची असते. रसायन शंभर वर्षांपूर्वीचे आहे. अवघड काय, तर दशलक्षात काही भाग इतकीच अशुद्धी राहील असा काटेकोरपणा, स्वस्त वीज, गाळाची विल्हेवाट आणि माल घेणारा खात्रीचा ग्राहक. चीनने या चार गोष्टी तीस वर्षे चिकाटीने जुळवल्या. म्हणूनच २०२३ मध्ये गॅलियम, जर्मेनियम आणि ग्रॅफाइट, आणि २०२५ मध्ये टंगस्टन व दुर्मीळ मृदा चुंबके, यांच्या निर्यातीवर त्याने निर्बंध घातले तेव्हा जगाची धावपळ झाली. आपल्या मोटार उद्योगालाही झळ बसली.

जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियानासाठी १६,३०० कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि त्यात शोधापासून पुनर्वापरापर्यंत सारे टप्पे धरले आहेत, ही चांगली गोष्ट. पण शोधाच्या बातमीला जेवढा मथळा मिळतो तेवढा गाळणीला मिळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियम धातुकाचा अंदाज जाहीर झाला तेव्हा देश हरखून गेला. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारही आले नाहीत. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टन आहे, हे भूवैज्ञानिकांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. चिलखतभेदी गोळ्यासाठी हा धातू अनमोल. पण प्रत कमी, म्हणून तिथे आजवर खाण उभी राहिली नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जानेवारी १९८१ मध्ये ‘गवेषणी’ जहाजावरून हिंदी महासागराच्या तळाचे बहुधातुक गोटे वर काढले. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे त्यांत एकत्र असते. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर आज भारताचा हक्क आहे, पण पाच किलोमीटर खोल पाण्यातून ते परवडेल असे काढणे अजून बाकी आहे. साठा, खाण आणि कारखाना या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवर उभे राहून तिसरीचा जयघोष करण्यात अर्थ नाही.

वर्धा जिल्ह्यातून या विषयाकडे पाहताना एका माणसाला टाळून पुढे जाता येत नाही. जे. सी. कुमारप्पा १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. संपत्तीचे त्यांनी दोन भाग केले. एक साठ्याची : कोळसा, तेल, खनिजे, जी वापरली की संपतात. दुसरी वाहती : पाणी, जंगल, ऊन, जी जपून वापरली तर पुन्हा भरून येते. साठ्यावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेत साठ्यासाठी झगडे अटळ आहेत आणि महायुद्धांची मुळे तिथे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९४५ मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मधून त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. निकोपोलची लढाई तेव्हा ताजी होती.

स्वच्छ ऊर्जेपुढे कुमारप्पांची ही वाटणी ठेवून पाहिली की एक पेच दिसतो. ऊन आणि वारा वाहते आहेत, त्यांच्यावर कोणी नाकेबंदी करू शकत नाही. पण ते पकडायची यंत्रे साठ्यातली आहेत. पवनचक्की पोलादाची, तिची चुंबके दुर्मीळ मृदेची, रात्रीसाठी वीज धरून ठेवणारी बॅटरी लिथियम-मँगनीजची. म्हणजे इंधनाच्या साठ्यावरचे अवलंबन आपण यंत्रांच्या साठ्यावर नेत आहोत. यात फायदा नाही का? आहे, आणि मोठा आहे. वरोऱ्याचा कोळसा एकदा जळला तो गेला. ती खाण १९०६ मध्येच बंद पडली आणि तिच्यासाठी टाकलेला लोहमार्ग दुसऱ्या कामी लागला. मँगनीज जळत नाही. रूळ झिजला, बॅटरी थकली, तरी धातू तिथेच असतो, आणि मेहनत घेतली तर पुन्हा हाती येतो. कोळसा हा खर्च आहे, धातू हे भांडवल आहे. पण भांडवल समजून त्याची जपणूक केली तरच. धातुक म्हणून बाहेर पाठवले, किंवा बॅटऱ्या कचऱ्यात फेकल्या, तर त्याचाही कोळसाच होतो. माझे या पुस्तकातले म्हणणे एवढेच आहे : सुरक्षा खणण्याच्या वेगावर मोजू नये, खणलेला धातू देशात किती काळ, किती वेळा कामी येतो यावर मोजावी.

या हिशेबात खदानीच्या काठचा माणूस धरलाच पाहिजे. भूमिगत खाणीत धातुक काढले की पोकळीत पाण्याबरोबर रेती भरतात, म्हणजे छत बसत नाही. माणसे वाचतात, ही चांगली गोष्ट. पण ती रेती नदीच्या पात्रातून येते. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर मेंदूवर परिणाम होतो, हातपाय थरथरतात, चाल बिघडते. हा आजार वैद्यकशास्त्राला १८३७ पासून माहीत आहे. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांच्या १० टक्के रक्कम बाधित गावांसाठी ठेवायची, अशी ती व्यवस्था. पैसा आला, तो धूळ, पाणी आणि दवाखान्यावर किती गेला, हे गावागावांत विचारायला हवे. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अत्यावश्यक आणि अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. कारण सुरक्षेचे. गडचिरोलीच्या सुरजागडला डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची कित्येक वाहने जाळली, तेव्हा खाण आणि सुरक्षा यांचा संबंध वेगळ्याच अर्थाने समोर आला. बंदुकीच्या धाकाने गप्प झालेला गाव आणि कायद्याने न विचारलेला गाव, दोन्हीकडे बोलायची जागा रिकामीच राहते. जिथल्या लोकांना आपले म्हणणे मांडता येत नाही, तिथून येणारे खनिज कितीही देशी असले, तरी त्याचा पुरवठा भरवशाचा नसतो.

आता पुन्हा वर्धा-नागपूर मार्गाकडे. जवाहरलाल नेहरू बंदर आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची लॉजिस्टिक्स कंपनी यांच्यात २०२१ मध्ये करार झाला. सिंदीजवळच्या सुमारे साडेतीनशे एकरांवर ‘ड्राय पोर्ट’, म्हणजे समुद्राशिवायचे बंदर, उभारायची ही योजना. जवळून समृद्धी महामार्ग जातो, आणि वर्धा-नागपूर मार्गावर तिसऱ्या-चौथ्या रुळांचे काम हाती घेतलेले आहे. कंटेनर इथेच सीलबंद होऊन थेट जहाजावर चढतील, अशी कल्पना. गावात जमिनीचे भाव, नोकऱ्या, ट्रकांची वर्दळ यांची चर्चा चालते, आणि ती चालायलाच हवी. तिच्यात या पुस्तकाला एका प्रश्नाची भर घालायची आहे. मॉइलची खाण इथून दूर नाही, बुटीबोरीची औद्योगिक वसाहत त्याहून जवळ, भूगावचा पोलाद कारखाना याच जिल्ह्यात. या तिन्हींच्या मध्ये बंदर येत असताना बॅटरीच्या प्रतीचे सल्फेट बनवणारा आणि जुन्या बॅटऱ्या उकलणारा उद्योग इथे का उभा राहू नये?

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी पट्ट्याचा भूगोल आणि इतिहास, मग युद्धे आणि व्यापार, मग डोंगरी बुजुर्गसारख्या ठिकाणचे शुद्धीकरण, आणि शेवटी खदानीच्या गावांचा हिशेब. ज्यांना शेवटचा भाग आधी वाचावासा वाटेल त्यांनी जरूर तसे करावे. क्रम माझ्या सोयीचा आहे. पुस्तक मिटताना वाचकाने एक सवय मात्र उचलावी, ही अपेक्षा. नवा साठा सापडल्याची बातमी आली की ‘किती टन?’ याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : ते शुद्ध कुठे होणार, वापरून झाल्यावर परत कोण घेणार, आणि ज्यांच्या जमिनीखाली ते आहे त्यांना कोणी विचारले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खाण खाते देते. उरलेल्या तिन्हींची उत्तरे जेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी, लोकांसमोर देता येतील, तेव्हाच आपले खनिज खऱ्या अर्थाने आपले झाले असे म्हणता येईल.